दमदमची गोळी : युद्धात निषिद्ध, शिकारीत सक्तीची

१८९५च्या चित्राल मोहिमेनंतर ब्रिटिश फौजेत तक्रार उठली, की नवी .३०३ गोळी माणसाच्या आरपार जाते, पण धावून येणाऱ्याला थांबवत नाही. तिच्या शिशावर तांबे-निकेलचे कठीण आवरण होते. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ते पसरे आणि जखम रुंदावे. १८९९च्या हेग परिषदेत ब्रिटनचे सर जॉन आर्डा यांनी या गोळीची बाजू मांडली. तरीही युद्धात अशा गोळ्यांना मनाई करणारा जाहीरनामा निघाला. ब्रिटनने तो १९०७मध्ये मान्य केला.

हरणाच्या शिकारीत मात्र नियम नेमका उलटा. पूर्ण आवरणाची गोळी आरपार गेली, तर जखमी हरीण दूर पळते आणि तडफडून मरते. म्हणून इंग्लंड-वेल्सच्या १९९१च्या हरीण कायद्यानुसार रायफलला मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी लागते. दोन्हीकडे हेतू एकच, यातना टाळण्याचा. फरक इतकाच, की जखमी सैनिक जगावा अशी अपेक्षा असते. हरणाबाबत ती नसते.