कोर्लई : गड आणि बोली

अलिबागहून दक्षिणेस जाणारा रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांतून रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीत शिरतो. तेथील सातखणी मनोऱ्याचे वरचे खण केव्हाच ढासळले आहेत. पुढे कुंडलिकेचा पूल ओलांडला, की समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर दिसतो. सकाळच्या उन्हात आम्ही तो चढलो. पोर्तुगिजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकलेल्या या गडावर एक ख्रिस्तमंदिर छपराविना उभे आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी.

१७३९ मध्ये वसई पडली आणि पुढल्याच वर्षी तहान्वये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे गेले. सत्ता गेली, पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली. तेथील सुमारे हजारभर माणसे आपली जुनी बोली जपून आहेत. तिला ती ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. वाक्याची ठेवण मात्र मराठीसारखी, क्रियापद शेवटी. कोणत्याही दरबाराचा आश्रय नसताना ही बोली अडीचशेहून अधिक वर्षे टिकली, ती घरोघरच्या आयांमुळे. आता शाळेत मराठी, उपासनेतही मराठी. बोलीला उरला तो घराचा उंबरठा.

गडाची डागडुजी सरकार करील. बोलीची कोण करणार? वसईला परतताना हाच प्रश्न सोबत होता. आमच्या घरी आजीची सामवेदी नातवंडांना समजते; पण ती उत्तर देतात प्रमाण मराठीत.