तिसरी घंटा सर्वांसाठी

विशेष प्रतिनिधी

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हापासून मराठी माणूस नाटकवेडा असल्याचे आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. मात्र या नाटकवेड्या प्रेक्षकाचे आपल्या मनातील चित्र बरेच मर्यादित आहे. त्याला पायऱ्या चढता येतात, अंधारात आपली खुर्ची सापडते, रंगमंचावरचे सारे दिसते व ऐकू येते आणि अडीच-तीन तास निश्चल बसता येते, असे आपण गृहीत धरतो. या अटींत न बसणाऱ्यांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. गुडघे दुखणारे, ऐकू कमी येणारे, नजर मंदावलेले ज्येष्ठ नागरिक त्यांत धरलेले नाहीत. आणि नाटकाच्या प्रेक्षागृहात ज्येष्ठांची उपस्थिती नेहमीच मोठी असते.

कायदा काय सांगतो?

नाटक पाहणे ही चैन आहे, हक्क नव्हे, असा समज अद्याप रूढ आहे. कायद्याची भूमिका वेगळी आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याच्या तिसाव्या अनुच्छेदात सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क नमूद आहे. त्यानुसार संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. कलम २९ नुसार कला दिव्यांगांना सुलभ करण्यासाठी उपाय योजणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत सांस्कृतिक कार्यासाठी वापरली जाणारी इमारतही येते, मग ती सरकारी असो वा खासगी. अस्तित्वातील अशा इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुलभ कराव्यात, असे कलम ४५ सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच संपली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत महत्त्वाचा निकाल दिला. सुलभतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम १५ न्यायालयाने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली होती. ती चित्रपटांपुरती आहेत. जिवंत नाटकाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, कारण येथे प्रत्येक प्रयोग नवा असतो.

चुडाव्याहून नांदेडपर्यंत

सुलभता म्हटले की दाराशी एक उतार बांधून काम संपले, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती साखळी असते आणि एक कडी तुटली तरी उरलेल्या निरुपयोगी ठरतात. परभणी जिल्ह्यातील चुडावा या गावाचे उदाहरण घेऊ. पूर्णा तालुक्यातील हे गाव पूर्णा-नांदेड लोहमार्गावर आहे. येथील रसिकाला व्यावसायिक नाटक पाहायचे तर नांदेडचे कुसुम सभागृह किंवा डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह गाठावे लागते, नाहीतर परभणीला जावे लागते. हा रसिक व्हीलचेअर वापरणारा असेल, तर त्याच्यापुढे प्रश्नांची रांगच उभी राहते. तिकीट दूरध्वनीवरून राखता येईल काय? फलाटावरून डब्यात चढता येईल काय? खुर्ची दारातून आत जाईल काय? स्वच्छतागृह वापरता येईल काय? रात्री साडेनऊचा प्रयोग मध्यरात्रीनंतर संपला, तर परतायचे कशाने? यांपैकी एकाचे उत्तर नकारार्थी आले, की तो घरीच राहतो. तो का आला नाही, हे नाट्यगृहाला कधी कळतही नाही.

एसटी महामंडळ दिव्यांग प्रवाशांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते. प्रवासात मिळालेले हे सौजन्य नाट्यगृहाच्या दाराशी संपू नये. सोबतीशिवाय येऊ न शकणाऱ्या प्रेक्षकाच्या सोबत्यास विनामूल्य प्रवेश देण्याची पद्धत अनेक देशांतील नाट्यगृहांत आहे. शहरांबाहेरच्या प्रेक्षकांसाठी दुपारचा प्रयोग हीदेखील सुलभतेचीच सोय होय.

इमारतीचे गणित

उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असा संकेत आहे. जोत्याची उंची ६० सेंटिमीटर असेल, तर उतार किमान ७.२ मीटर लांब हवा. तीव्र चढाची फरशी टाकून केलेला 'उतार' उपयोगाचा तर नसतोच, उलट धोक्याचा असतो. दारे ९० सेंटिमीटर मोकळी असावीत. व्हीलचेअरसाठीची जागा सर्वांत मागे किंवा बाजूच्या कोपऱ्यात एकच न ठेवता वेगवेगळ्या रांगांत असावी आणि शेजारी सोबत्याची खुर्ची असावी. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी आणि रांगांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत, एवढ्याने ज्येष्ठांची व अल्पदृष्टी प्रेक्षकांची मोठी अडचण दूर होते.

न दिसणाऱ्यांचे नाटक

दृष्टिहीन प्रेक्षकासाठी 'ध्वनिवर्णन' ही पद्धत आहे. तिची सुरुवात १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात झाली. निवेदक वेगळ्या कक्षात बसून, संवादांच्या मधल्या जागांत, रंगमंचावर काय घडते आहे ते मोजक्या शब्दांत सांगतो आणि ते केवळ इअरफोन लावलेल्यांना ऐकू येते. पडद्यापूर्वी अशा प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन नेपथ्य, वेशभूषा व हाताळावयाच्या वस्तू स्पर्शाने दाखवण्याचीही प्रथा आहे. संगीत नाटक आणि आकाशवाणीवरील श्रुतिका यांमुळे नाटक कानांनी पाहण्याची सवय मराठी रसिकाला आहेच. आपली नाटके संवादप्रधान असल्याने बरेचसे कथानक ऐकूनही कळते. अडते ते मूक क्षणी. कोणीतरी निःशब्द निघून जाते, चिठ्ठी लपवली जाते, सारे प्रेक्षागृह हसते आणि एकटा प्रेक्षक शेजाऱ्याला 'काय झाले?' असे विचारतो. त्या क्षणापुरते एक वाक्य त्याला हवे असते.

न ऐकू येणाऱ्यांचे नाटक

येथे दोन भिन्न गरजा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. वयोपरत्वे ऐकू येणे कमी झालेल्या प्रेक्षकाला मराठी वाचता येते. त्याला रंगमंचाच्या बाजूस पडद्यावर उमटणारे संवाद पुरतात. त्याच्या श्रवणयंत्रात तशी सोय असल्यास प्रेक्षागृहात बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून ध्वनी थेट यंत्रात पोहोचवता येतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा मात्र भारतीय सांकेतिक भाषा असते. ती हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. त्यांना दुभाषा हवा. त्याला संहिता आधी मिळावी, तालमी पाहता याव्यात, प्रयोगात त्याच्यावर पुरेसा प्रकाश असावा आणि त्या बाजूच्या खुर्च्या या प्रेक्षकांसाठी राखीव असाव्यात.

पडद्यावरील संवादांसाठी प्रोजेक्टर, संगणक आणि संहिता ठाऊक असलेला एक माणूस पुरतो. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करावी लागते. म्हणजे लिखित मजकूर प्रत्येक निर्मात्याकडे असतोच.

मोकळा प्रयोग

स्वमग्न मुले, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती किंवा ज्यांच्या तोंडून अनावर आवाज निघतात, असे प्रेक्षक आणि त्यांची कुटुंबे नाट्यगृहाकडे फिरकत नाहीत. कारण माना वळतात. अशांसाठी पाश्चात्त्य देशांत 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' होतात. आपण त्याला मोकळा प्रयोग म्हणू. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार केला जात नाही, कर्कश आवाज व लखलखाट कमी केले जातात, मध्येच बाहेर जाऊन परत येण्याची मुभा असते आणि बाहेर शांत खोली राखलेली असते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग'चा स्वमग्न प्रेक्षकांसाठीचा असा पहिला प्रयोग ऑक्टोबर २०११ मध्ये झाला.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. मराठवाड्यात गोंधळ, भारूड रात्रभर उघड्यावर रंगते. मांडीवर मूल झोपते, कोणी उठून जाते, कोणी मोठ्याने दाद देते. त्याने रंगाचा बेरंग होत नाही. निःशब्द प्रेक्षागृहाची शिस्त ही बंदिस्त नाट्यगृहाची देणगी आहे. तिचे मोल आहेच. पण वर्षातील काही प्रयोग तिच्यातून मोकळे ठेवल्याने कलेची हानी होणार नाही.

मंचावर आहेत, प्रेक्षागृहात केव्हा?

दिव्यांग कलावंतांना मराठी रंगभूमीने जागा देण्यास प्रारंभ केला आहे. 'स्पर्शज्ञान' या २००८ मध्ये सुरू झालेल्या मराठी ब्रेल पाक्षिकाचे संपादक स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक दिग्दर्शित केले. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या स्पर्धांत दिव्यांग बालनाट्य स्पर्धेचाही समावेश आहे. मात्र मंचावर टाळ्या मिळवणाऱ्या त्या मुलाला पुढच्या आठवड्यात एखादे नाटक पाहायला यावेसे वाटले, तर त्याची काय सोय, हा प्रश्न उरतोच.

सुरुवात कोठून करावी?

इमारतीतील बदलांना निधी व मंजुरी लागते. ते काम महापालिका व नगरपालिकांचे आहे. पण बऱ्याच गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. जाहिरातीत सोयींचा एका ओळीत उल्लेख, चौकशीसाठी एक दूरध्वनी क्रमांक, काठाच्या खुर्च्या पहिल्या दिवशी विकून न टाकण्याची दक्षता, आणि मदत हवी का असे आधी विचारून मगच हात देणारे द्वारपाल, एवढे उद्यापासून होऊ शकते. नियोजनात दिव्यांग प्रेक्षकांनाच सहभागी करून घेतल्यास चुकीच्या सोयींवरील खर्चही वाचतो.

एखाद्या नाटकाचे ध्वनिमुद्रण वा चित्रफीत घरपोच देता येते. तरीही लोक नाट्यगृहात येतात, ते शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकाच क्षणी हसण्यासाठी. त्या हसण्यात चुडाव्याच्या रसिकालाही वाटा मिळावा, एवढीच ही मागणी आहे. आणि आता तिला कायद्याचाही आधार आहे.