हजर भाव आणि वायदा भाव : सोलापूर परिसरातील कापूस व तूर बाजाराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

शेतमालाच्या बाजारात एकाच मालाला एकाच दिवशी दोन भाव असू शकतात. माल समोर ठेवून होणाऱ्या सौद्याचा तो हजर भाव, आणि पुढील ठरावीक महिन्यात माल देण्याघेण्याच्या कराराचा तो वायदा भाव. या दोहोंतील अंतराविषयी अर्थशास्त्राने दिलेले उत्तर वरकरणी सोपे आहे. आज घेतलेला माल वायद्याच्या महिन्यापर्यंत सांभाळावयाचा तर वखारीचे भाडे, विमा, घट आणि भांडवलावरील व्याज एवढा खर्च येतो. वायदा भाव हजर भावापेक्षा साधारणतः तेवढ्यानेच अधिक असावा. तो त्याहून चढला तर व्यापारी हजर माल घेऊन वायदा विकतात आणि अंतर पुन्हा कमी होते. मुदत संपताना दोन्ही भाव एकमेकांना येऊन मिळतात. मालाची तातडीची टंचाई असेल तेव्हा मात्र हजर भावच वर राहतो. मुंबईच्या शेअर बाजारात अशाच उलट्या स्थितीला ‘उंधा बदला’ म्हणत. केन्स यांनी 1923 मध्ये या उलट्या स्थितीचे वेगळे स्पष्टीकरण दिले. भावाची जोखीम दुसऱ्याने उचलावी म्हणून उत्पादक जो मोबदला देतो, तो त्यांच्या मते या अंतरात दडलेला असतो.

या नियमामागे एक गृहीत आहे. वायद्यातील माल खरोखर देता आला पाहिजे, म्हणजेच रस्ता, वखार, प्रतवारी आणि बातमी ही चारही साधने उत्पादकाच्या गावापर्यंत पोहोचली पाहिजेत. सोलापूर परिसराचा इतिहास या गृहीताची कसोटी पाहण्यास विशेष उपयुक्त आहे.

घाट, आगगाडी आणि तारायंत्र

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1860 मध्ये सोलापुरास पोहोचला. पुढे तो रायचूरपर्यंत जोडला जाण्यास 1871 उजाडले. या मधल्या काळात दक्षिणेकडील मालाला मुंबईचा लोहमार्ग सोलापूर भागातच गाठावा लागे. भोरघाटातील लोहमार्ग 1863 मध्ये खुला होईपर्यंत तर खंडाळ्याला माल उतरवून घाटाखाली न्यावा लागत असे. अशा वाटेवर सोलापूरचा हजर भाव आणि मुंबईचा भाव यांत केवळ भाड्याचेच नव्हे, तर विलंबाचेही अंतर होते.

नेमक्या याच वेळी, 1861 मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लिव्हरपूलला दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस मिळेनासा झाला व हिंदी कापसाचे भाव काही पटींनी वाढले. डाक सुएझच्या वाटेने काही आठवड्यांत पोहोचे; शिडाच्या जहाजातील गासड्या आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी. त्यामुळे वाटेवर असलेल्या मालाचे सौदे तो बंदरात लागण्यापूर्वीच होऊ लागले. वायदे बाजाराला जुगाराचे अपत्य म्हणण्याची प्रथा आहे. कापसाच्या बाबतीत त्याला टपालाचे अपत्य म्हणणे अधिक योग्य ठरेल.

एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण आल्याचे वृत्त आले आणि भाव कोसळले. हिंदुस्थान व युरोप यांना जोडणारी तार त्याच वर्षी सुरू झाली होती. मुंबईतील शेअरच्या मुदतीच्या सौद्यांचा हिशेब 1 जुलै 1865 रोजी व्हावयाचा होता. तो होऊ शकला नाही व प्रेमचंद रायचंद यांच्यासह अनेक पेढ्या बुडाल्या. मुंबईची ही कथा वारंवार सांगितली गेली आहे. तिच्या तुलनेत शेतकऱ्याचा वायदा दुर्लक्षित राहिला. उभ्या पिकावर सावकाराकडून घेतलेली उचल हाही वायद्याचाच सौदा होता; फरक एवढाच की त्याचा भाव बाजारात पुकारला जात नसे, तो सावकाराच्या वहीत असे. भाव चढला तर लाभ सावकाराचा, उतरला तर कर्ज शेतकऱ्याचे. दख्खनचे दंगे 1875 मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत झाले. त्यांचा कापसाच्या तेजीमंदीशी किती संबंध होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा सोलापूर जिल्ह्यासही लागू करावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

‘बार्शी-नगर’ कापूस

बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन 1875 मध्ये, तर ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन 1921 मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या व्यापारात या भागातील कापूस ‘बार्शी-नगर’ या नावाने ओळखला जाई आणि अमरावतीवरून नाव पडलेल्या ‘उमरा’ या मोठ्या गटात मोडे. याचा अर्थ असा की बार्शीच्या अडत्याला मुंबईचा वायदा भाव जसाच्या तसा उपयोगी नव्हता. त्यातून भाडे वजा करून धाग्याच्या प्रतीचा फरक अधिक-उणा करावा लागे. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाल्यावर त्यातील वाहतुकीचा हिस्सा घटला. प्रतीचा हिस्सा राहिला.

सोलापुरात 1877 मध्ये सूतगिरणी सुरू झाल्याने स्थानिक मागणी निर्माण झाली. गिरणीसारख्या खरेदीदाराला वायद्याचा अर्थ वेगळा असतो. घेतलेल्या कापसाचे सूत विकले जाईपर्यंत भाव उतरण्याची भीती असते. वायदा विकून ठेवल्यास एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो. दोन्ही भाव एकत्र हलत असतील तरच हा उपाय चालतो. प्रत वेगळी असल्यास संरक्षण अपुरे पडते.

तुरीचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर 1952 च्या कायद्याने वायदे नियंत्रित झाले. पुढे 1966 मध्ये कापसाचा वायदा थांबला आणि 1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी आली. राष्ट्रीय स्तरावरील संगणकीकृत वायदे बाजार 2003 नंतर उभे राहिले व सोलापूर जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक असलेली तूर त्यांत आली. डाळींच्या महागाईमुळे जानेवारी 2007 मध्ये तूर व उडीद यांचे वायदे बंद करण्यात आले. वायद्यामुळे हजर भाव वाढले काय, हे तपासणाऱ्या अभिजित सेन समितीला 2008 मध्ये ठाम कार्यकारणसंबंध दाखविता आला नाही. वायद्यांचा अनुभव फार अल्प काळाचा होता.

त्यानंतरचा घटनाक्रम समितीला उपलब्ध नव्हता. तुरीला वायदा नसतानाच 2015 मध्ये डाळीचा किरकोळ भाव किलोला 200 रुपयांच्या आसपास गेला. त्या भावाकडे पाहून जून-जुलै 2016 मध्ये पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला आणि विक्रमी उत्पादन आले. बोनससह 5,050 रुपये आधारभूत किंमत असताना अनेक बाजार समित्यांत तूर त्याखाली विकली गेली, आणि सरकारी खरेदी केंद्रांवर बारदानाअभावी शेतकरी ताटकळले. वायदा असता तर हे टळले असते असे म्हणणे धाडसाचे होईल. कराराचे परिमाण टनांत, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक क्विंटलांत, त्यामुळे तो स्वतः वायदा विकू शकला नसता. परंतु पेरणीच्या वेळी जानेवारीचा एखादा भाव अडत्याच्या दुकानात तरी दिसला असता. बंदीने महागाई रोखल्याचे दिसत नाही. पुढचा भाव मात्र नाहीसा झाला.

डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले व ती मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. बार्शी तालुक्यात तोवर सोयाबीनचे क्षेत्र मोठे झाले होते. मृगाच्या पावसावर ते पेरणाऱ्या शेतकऱ्यासमोर पुन्हा गेल्या हंगामाचा हजर भाव एवढाच आधार उरला.