दुसऱ्यांच्या ‘नाही’वर चाललेलं दुकान

1976 साली लग्न होऊन मी मुलुंड पूर्वेला आले, तेव्हा आमच्या गल्लीत वाण्याची चार दुकानं होती. चारही कच्छी मंडळींची. साखर तीच, तूरडाळ तीच, चौघांचाही माल दाणाबंदरातून येणारा. भावात फरक पाच-दहा पैशांचा. तरी सासूबाई कोपऱ्यावरच्या शेठकडेच जायच्या. का, विचारलं तर म्हणाल्या, “तो परत घेतो.” बाकी तिघांकडे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी होती. याच्याकडे पाटी नव्हती, आणि किडकी डाळ नेली की मुकाट बदलून मिळायची.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं मी त्या दुकानाकडे पाहत आले ते या एका नजरेने: शेजारचा ज्याला ‘नाही’ म्हणतो, त्याला हा ‘हो’ म्हणतो.

मुलुंड मुंबई महापालिकेत आलं 1957 साली. वस्ती नोकरदारांची. पगार एक तारखेला, आणि वीस तारखेनंतर सगळी मदार शेठच्या लाल कापडी वहीवर. स्वस्ताईच म्हणाल तर सहकारी भांडारं होतीच. नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये काढलेला अपना बाजार पुढे उपनगरांतही पोचला. पण तिथे रोख मोजावी लागे. शेठकडे खातं.

शेठ धुतल्या तांदळासारखा होता असं मात्र नाही. दिवाळीच्या आठवड्यात त्याच्या दुकानातला रवाही गायब व्हायचा आणि खातेवाल्यांनाच मागच्या दाराने मिळायचा. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या, तो राग अशाच दारांवरचाही होता.

खरा धक्का बसला तो ग्राहक पंचायतीचा. 1975 च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशींनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली आणि काही वर्षांत आमच्या जिन्यातल्या बारा घरांचाही संघ झाला. यादी आधी, पैसे आधी. ट्रक आला की एकीच्या घरात पोती उतरायची आणि आम्ही बायका मोजून वाटण्या करायचो. माल निवडक, भाव कमी. शेठचं महिन्याचं मोठं बिल एका फटक्यात गेलं. मला वाटलं, आता हा तोंड फिरवणार. तो हसून म्हणाला, “भाभी, ट्रक महिन्यातून एकदा येणार. पाहुणे काय विचारून येतात?”

तेव्हापासून त्याने छटाक-पावशेराचा धंदा धरला. दहा पैशांचा गरम मसाला, वाटीभर साखर, अर्धा नारळसुद्धा. सकाळी सहाला फळी उघडायची ती रात्री उशिराच्या लोकलने उतरणाऱ्या बायका घरी गेल्यावरच बंद व्हायची. आणि टेलिफोन! घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून आमच्या इमारतीतल्या दोन लग्नपत्रिकांवर शेठचाच नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापला होता. फोन आला की पोऱ्या जिन्यातून हाका मारायचा. घ्यायला गेलेला माणूस निदान काडेपेटी तरी घेऊन यायचा. असली जाहिरात आजच्या कुणा सल्लागाराला सुचेल का, मला शंका आहे.

2002 मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं. राधाकिशन दमानींनी त्याआधी नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवून पाहिली होती. म्हणजे हे घराणंही अखेर नायगावशीच जुळतं. थोड्याच वर्षांत लाल बहादूर शास्त्री मार्गावर मॉल उभे राहिले आणि शेठचा मुलगा घाबरला. त्याने दुकानाला काचेचं दार, एसी, मांडण्या आणि ‘सुपरमार्केट’ची पाटी लावली. गिऱ्हाईक पायरीवरच थबकू लागलं: चपला काढायच्या की नाही? भाव वाढले असतील का? मोठ्या दुकानासारखं दिसून तो मोठ्यांच्याच भावाशी तोलला जाऊ लागला, आणि त्यांचा भाव त्याला परवडणं शक्यच नव्हतं. तीन वर्षांनी दार निघालं, गल्ला पुन्हा रस्त्याला लागला. काच पुढे त्याच्या गोदामात मी पाहिली, बडीशेपेच्या पोत्यांमागे.

नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या. दुसऱ्या सकाळी खिशात नोटा असून दूध घेता येईना. त्या महिन्यात आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त चाललं ते चलन म्हणजे शेठची वही.

आता दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप आली आहेत. ती रात्री अकरालाही ‘नाही’ म्हणत नाहीत, खराब वस्तूचे पैसेही परत करतात. शेठच्या दोन जुन्या हुकमी पत्त्यांवर त्यांनी कब्जा केला आहे, हे कबूल करायला हवं. पण शेठचा नातूही माझ्या सुनेची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतो, गल्ल्यावर क्यूआर कोड आहे. बाकीची तीन दुकानं केव्हाच गेली: एकात मोबाइल दुरुस्ती, एकात दवाखाना, तिसऱ्यात ब्यूटी पार्लर.

लाल वही अजून आहे. परवा गूळ आणि सुपारी आणली, ते 140 रुपये आमच्या पानावर आहेत. उद्या नेऊन द्यायचेत.