आरगाऊच्या पायवाटा

स्वित्झर्लंडचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित माणसास हिमाच्छादित शिखरे, निळी सरोवरे आणि विल्यम टेलचा बाण यांचीच आठवण व्हावी, हे साहजिक आहे. परंतु त्या देशाच्या उत्तर भागात, जेथून आल्प्स पर्वत म्हणजे क्षितिजावरील एक पांढरी रेघ एवढाच दिसतो, तेथे आरगाऊ नावाचा प्रांत आहे. या प्रांतात आरे नदीच्या दोहो तीरांस जुरा पर्वताच्या बुटक्या टेकड्या पसरल्या आहेत. टेकड्यांच्या माथ्यावर बीच वृक्षांचे दाट रान, उन्हाकडील उतारावर द्राक्षांचे मळे, आणि मधूनमधून एखादा कोट, कोठे नांदता तर कोठे पडका, असा हा देखावा आहे. सर्व मुलूख पायवाटांनी विणलेला असून वाटांच्या फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या लाविलेल्या आहेत. त्या पाट्यांवर गावांची अंतरे कोसांत किंवा मैलांत दिलेली नसतात. तेथवर चालत जाण्यास किती वेळ लागेल तेवढेच लिहिलेले असते. सपाटीवर तासाला सव्वाचार किलोमीटरांच्या आसपास चालणारा मनुष्य गृहीत धरून हा हिशेब करितात. वाटसरूस जे हवे असते ते नेमके हेच, असे मला वाटते.

या वाटांनी फिरणाऱ्यास पहिल्याने भेटतो तो हाब्सबुर्गचा किल्ला. ब्रुग गावाच्या दक्षिणेस वुल्पेल्सबर्ग नावाची सुमारे पाचशे मीटर उंचीची टेकडी आहे, तिच्यावर हा उभा आहे. ज्या घराण्याने पुढे ऑस्ट्रिया, हंगेरी, स्पेन, नेदरलंड इतक्या देशांवर राज्य केले, आणि ज्याचा शेवटचा बादशहा १९१८ साली सिंहासनावरून दूर झाला, त्याचे नाव या टेकडीवरून पडले. हे लक्षात ठेवून वर चढणाराची बहुधा निराशा होते. एक बुरूज, त्याला चिकटलेला वाडा, पूर्वेकडे उकरून काढलेले जोते. एवढाच तो पसारा. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात काउंट राडबोट याने हा बांधिला. त्याचा ससाणा हरवला तो या टेकडीवर सापडला, म्हणून ससाण्याचा कोट असे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका अधिक मार्मिक आहे. राडबोटचा आप्त स्ट्रासबुर्गचा बिशप वेर्नर पैशाची मदत करून पुढे किल्ला पाहावयास आला. पाहतो तो तटबंदीच नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी राडबोटने त्यास खिडकीपाशी नेऊन खाली टेकडीभोवती कडे करून उभे असलेले आपले शस्त्रधारी सरदार दाखविले आणि हाच आपला तट, असे सांगितले. बिशपाचे पैसे त्याने माणसे जोडण्यात खर्च केले होते.

आख्यायिका गोड असली तरी ती धन्याच्या बाजूने सांगितलेली आहे. त्याच घराण्याची दुसरी एक हकिगत कागदावर राहिली आहे, ती रयतेच्या बाजूची आहे. राडबोट आणि त्याची पत्नी इटा यांनी १०२७ साली जवळच मुरी येथे एक मठ स्थापिला. त्या मठातील एका अनामिक साधूने बाराव्या शतकात, सुमारे ११६० साली, मठाचा इतिहास लिहिला. या साधूस आपल्या मठाकडील जमिनी मूळ कोणाच्या व त्या कशा आल्या याचा शोध करावयाचा होता, आणि शोध करिता करिता जे सापडले ते त्याने झाकून ठेविले नाही. वोलेन गावच्या स्वतंत्र शेतकऱ्यांची गोष्ट त्यातीलच. तेथे गुंट्राम नावाचा एक धनाढ्य सामर्थ्यवान पुरुष होता. शेतकऱ्यांनी त्यास दयाळू समजून आपल्या जमिनी त्याच्या नावे केल्या; ठरलेला वसूल द्यावा व त्याने आपले रक्षण करावे, असा करार होता. तो आनंदला, आणि थोड्याच दिवसांत त्यांस दडपू लागला. प्रथम मागावयाचे, मग हुकूम करावयाचा. पेरणी, कापणी, गवत वाहणे ही आपली कामे तो त्यांजकडून वेठीने घेऊ लागला. पुढे राजा झोलोथुर्न येथे आला, तेव्हा हे लोक दाद मागावयास तेथवर गेले. परंतु सरदारांची गर्दी मोठी, आणि त्यांच्यातील काहींचे बोलणे अडाणी. राजाच्या कानापर्यंत त्यांचे गाऱ्हाणे पोचलेच नाही. गेले तसे ते परत आले.

युरोपातील शेतकरी गुलाम कसा झाला यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. परंतु संरक्षणाच्या नावाखाली स्वातंत्र्य कसे पायरीपायरीने जाते, हे या दहाबारा ओळींत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. हा गुंट्राम हाब्सबुर्गांचा मूळपुरुष होय की नव्हे याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. माझ्या मते तो वाद येथे गौण आहे. मठाला व पर्यायाने या घराण्याला त्या जमिनी लाभल्या, एवढे पुरे.

हाब्सबुर्गांस ही टेकडी लवकरच अपुरी पडली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यांनी येथील बिऱ्हाड मोडून किल्ला आपल्या पदरच्या माणसांकडे दिला. १२७३ साली त्यांच्यातील रुडॉल्फ जर्मनीचा राजा निवडला गेला आणि घराण्याची दृष्टी डॅन्यूबकडे वळली. त्याचा पुत्र आल्ब्रेख्ट राजा असता, १ मे १३०८ रोजी, या किल्ल्यापासून हाकेच्या नसली तरी नजरेच्या टप्प्यात, विंडिश येथे रॉईस नदी उतरल्यावर त्याचा खून झाला. खुनी त्याचाच पुतण्या योहान. वडिलोपार्जित वाटणी मिळत नाही हे त्याचे दुखणे. भाऊबंदकी ही काही आपल्याच देशाची मिरास नव्हे! (शिलरने आपल्या नाटकात या योहानास टेलच्या दारी आणून उभे केले आहे, हे वाचकांपैकी काहींस आठवेल.) आल्ब्रेख्टची विधवा एलिझाबेथ हिने खुनाच्या जागी क्योनिग्सफेल्डेन, म्हणजे राजाचे शेत, हा मठ उभारिला, आणि त्यांची कन्या, हंगेरीची विधवा राणी आग्नेस, १३६४ साली मरेपर्यंत पुष्कळ वर्षे तेथे राहिली. त्या देवळातील रंगीत काचांच्या खिडक्या चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या पादातील असून आजही जागच्या जागी आहेत. सकाळचे ऊन त्यांतून आत येते तेव्हा दगडी जमिनीवर निळेतांबडे डाग पडतात.

आता शाळेतील इतिहासाप्रमाणे पुढची गोष्ट अशी व्हावयास हवी की, स्वातंत्र्यप्रिय स्विस लोकांनी जुलमी हाब्सबुर्गांस हाकलून दिले आणि आरगाऊची रयत मुक्त झाली. पूर्वार्ध खरा आहे. १३१५ साली मोर्गार्टेन येथे आणि १३८६ साली झेंपाख येथे स्विसांनी ऑस्ट्रियाच्या घोडेस्वारांची दाणादाण उडविली. १४१५ साली हाब्सबुर्ग घराण्यातील ड्यूक फ्रेडरिक याजवर राजा सिगिस्मुंडची इतराजी झाली आणि त्याचा मुलूख घेण्यास राजाची आज्ञा मिळताच बर्न, झ्यूरिक वगैरे शहरांनी काही आठवड्यांत आरगाऊ काबीज केला. पण रयत मुक्त झाली नाही. बर्नने आपला वाटा आपल्याकडे ठेविला, उरलेला भाग इतरांनी सामाईक जहागिरीसारखा वाटून घेतला, आणि प्रजासत्ताकांचे सुभेदार त्याच किल्ल्यांत राहावयास आले. ही स्थिती १७९८ पर्यंत, म्हणजे ३८३ वर्षे चालली. ज्यांनी सुभेदारांविरुद्ध बंड केले म्हणून जगभर कीर्ती मिळविली, त्यांनीच शेजाऱ्यांवर सुभेदार नेमिले. टेलची कथा सर्वांच्या तोंडी आहे. ही फारशी कोणी सांगत नाही.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर आरे ओलांडून टालहाइमच्या खोऱ्यात जावे. शिंट्सनाखपासून वाट द्राक्षमळ्यांतून जाते. वेलींच्या ओळी, त्यांना आधार देणारे दगडी बांध, वाटेत ओबरफ्लाख्स गावावर कास्टेलनचा वाडा. हा तीस वर्षांच्या युद्धात नाव कमाविलेल्या फोन एर्लाख सेनापतीने १६४२ ते १६५० या काळात बांधिला आणि १८५५ पासून तेथे मुलांचे आश्रयगृह आहे. पुढे खोऱ्याच्या वर रानाच्या कडेला शेंकेनबर्गचा उद्ध्वस्त किल्ला दिसतो. 'शेंक' म्हणजे मद्य वाढणारा दरबारी मानकरी. तेव्हा नाव आणि उतारावरील द्राक्षे यांची जोडी बरी जमली आहे. बर्नने १४६० साली हा किल्ला घेतला व तेथे सुभेदाराचे ठाणे केले. १७२० पर्यंत सुभेदार येथे बसून दशमांश व दंड वसूल करीत. मग इमारत नादुरुस्त झाली, सुभेदार खाली विल्डेनस्टाइनच्या सोयीस्कर वाड्यात गेला, आणि गावकऱ्यांनी किल्ल्याचे दगड आपल्या घरांस नेले. हाब्सबुर्ग, बर्न, द्राक्षमळेवाले, असा त्या दगडांचा प्रवास झाला.

मधल्या काळात रयत गप्प होती असे नाही. १६५२ साली बर्नने आपल्या नाण्याची किंमत एकाएकी उतरविली. शेतकऱ्यांच्या हातातील पैसा अर्ध्यावर आला. त्यातून १६५३ चे मोठे शेतकरी-बंड उद्भवले. त्याची निर्णायक लढाई याच प्रांतात वोलेनश्वील येथे झाली. गाव वोलेनहून वेगळे, पण नावातील साम्य चटका लावते. बंडाचा पुढारी निक्लाउस लॉयेनबेर्गर याचा बर्न येथे शिरच्छेद करण्यात आला. याही वेळी गाऱ्हाणे ऐकणारा कोणी भेटला नाही.

हाब्सबुर्गच्या बुरुजावरून दक्षिणेस पाहिले म्हणजे बिरचे सपाट मैदान दिसते. तेथे पेस्तालोझ्झीने नॉयहोफ नावाची शेती केली, ती बुडाली. १७७४ साली गरीब मुलांसाठी शाळा काढली, तीही काही वर्षांत बंद पडली. शिक्षणशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत त्याच्या पद्धतीचा पुष्कळ ऊहापोह असतो. तो बर्नच्या सुभेदारीतील रयतेत राहून लिहीत होता, ही गोष्ट मात्र त्यांत येत नाही. १७८१ साली निघालेल्या त्याच्या कादंबरीतील खलपुरुष गावचा अंमलदारच आहे! तो १८२७ साली ब्रुग येथे वारला व बिर येथे शाळेशेजारी त्याला पुरले.

१७९८ साली फ्रेंच फौजा आल्या व सुभेदारी संपली. १८०३ साली नेपोलियनच्या मध्यस्थीने आरगाऊ इतरांच्या बरोबरीचा प्रांत झाला. आज जे रान दिसते ते बव्हंशी गावच्या पिढीजाद नागरिकांच्या पंचायतींच्या मालकीचे आहे. पण त्यात कोणीही फिरावे. १९१२ पासून अमलात असलेल्या नागरी कायद्याच्या ६९९ व्या कलमाने रान व कुरणे सर्वांस स्थानिक रिवाजाच्या मर्यादेत मोकळी ठेविली आहेत. रानमेवा व अळंबी वेचण्याचीही त्यात मुभा आहे. द्राक्षमळ्यांस हे कलम लागू नाही. तेथे वाट सोडून जाऊ नये.

पिवळ्या पाट्यांची कथा त्यानंतरची. मोटारी घाटांत शिरल्या, धुरळ्याने चालणारांस रस्ता राहिला नाही, तेव्हा मायलेन येथील एस नावाच्या शाळामास्तराने खटपट करून १९३४ साली पायवाटांसाठी देशव्यापी संस्था उभी करविली. महायुद्धात शत्रूस वाट सापडू नये म्हणून पाट्या उतरवाव्या लागल्या, त्या पुढे पुन्हा लागल्या. १९७९ साली या पायवाटांचा प्रश्न सार्वमतास पडला व शेकडा ७७ हून अधिक मतांनी त्यांचे संरक्षण राज्यघटनेत आले. त्याप्रमाणे केलेल्या कायद्याने एखादी वाट बुजली तर तिच्याबदली दुसरी द्यावी लागते. देशभर अशा वाटा ६५,००० किलोमीटरांहून अधिक आहेत.

मुरीचा मठ प्रांत-सरकारने १८४१ साली बंद केला. त्याच्या देवळाजवळील एका लहान प्रार्थनामंदिरात हाब्सबुर्गांचा शेवटचा बादशहा कार्ल याचे हृदय ठेविलेले आहे. १९८९ साली वारलेल्या त्याच्या राणीचेही तेथेच आहे. वोलेनच्या शेतकऱ्यांची हकिगत लिहिणाऱ्या साधूच्या ग्रंथाची प्रत आराऊ येथील सरकारी दप्तरखान्यात आहे. वोलेनहून मुरीस जाणारी वाट आहे; दोनतीन तासांची चाल.