बिशपने लिहिलेला इतिहास

चंद्रपूरच्या गोंड राजांबद्दल इंग्रजीत काही शोधायला गेलात की एक जुनं नाव भेटतंच : आयर चॅटर्टन. १९१६ साली त्याचं ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ आलं. हा माणूस ना प्राध्यापक होता ना कमिशनर. १९०३ मध्ये नागपूर हा अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचा हा पहिला बिशप. चांदा जिल्हा त्याच्याच हद्दीत. आजची गडचिरोली तेव्हा चांद्यातच होती. पुढे १९२४ मध्ये त्यानेच हिंदुस्थानातल्या चर्च ऑफ इंग्लंडचा इतिहास लिहिला.

मी ही दोन्ही पुस्तकं फोनवर लागोपाठ वाचली. पहिल्यात तो पाहुणा आहे, म्हणून प्रश्न विचारतो. दुसऱ्यात तो घरचा आहे. तिथे सगळी गोष्ट बिशपांच्या कारकिर्दी आणि धर्मप्रांत यांच्याभोवती फिरते. बाप्तिस्मा घेणारा माणूस घरी काय बोलत होता, ते त्यातून कळत नाही.

मग श्रद्धावानाने आपल्या धर्माचा इतिहास लिहूच नये का? इतकं सोपं नाही. त्याआधीचा स्टीफन हिस्लॉप बघा. १८४५ मध्ये नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी. त्याने या भागातले जीवाश्म गोळा केले आणि प्रधानांकडून गोंडांच्या लिंगोचं गाणं गोंडी शब्दांसकट लिहून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना तो बुडून गेला. त्याचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापले. लिंगोवर हिस्लॉपचा विश्वास असणं शक्यच नव्हतं, तरी गाणं त्याने टिपलं. श्रद्धा आणि शिस्त एका माणसात राहू शकतात, हे मला तरी यावरून पटतं.

खरी अडचण कारणं सांगताना येते. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मिशनांकडे अनाथ मुलं आली, भुकेली माणसं आली. ‘देवाने दार उघडलं’ असं लिहिलं की चौकशी संपते, कारण हे वाक्य तपासायचं कसं? पण ‘धान्यासाठी बाटले’ असं म्हटलं तरी चौकशी संपतेच! पाऊस परत आल्यावरही काही जण का थांबले, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचं उत्तर शोधायचं तर त्यांचा विश्वास खरा मानून, म्हणजे त्यांच्यापुरता खरा मानून, सुरुवात करावी लागते. धर्मशास्त्र कळणारा इतिहासकार इथे उपयोगी पडतो. फक्त त्याने ते पुरावा म्हणून वापरू नये.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. माझं घर बौद्ध आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाबद्दल कुणी ‘नेत्यामागे लोक गेले’ एवढंच लिहिलं तर मला राग येतो. त्या माणसांनी विचार केला होता, असं मी म्हणतो. मग चांद्याच्या ख्रिस्ती घरांना तेच नाकारायचं कसं? आणि उलटही : आमच्या इतिहासातही न तपासलेलं बरंच भक्तिभावाने खपतं, ते का चालावं?

चर्च हिस्टरी असोसिएशन ऑफ इंडियाने १९७० च्या दशकात ठरवलं, की भारतातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास देशाच्या सामाजिक इतिहासाचा भाग म्हणून लिहायचा, मिशनांची यशोगाथा म्हणून नव्हे. पहिला खंड १९८४ मध्ये आला, लेखक ए. मथियास मुंडाडन, स्वतः कॅथलिक धर्मगुरू.

चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं. तिथल्या अलेक्स वुडचं ‘इन अँड आउट ऑफ चांदा’ हे पुस्तक १९०६ चं. तेही इंग्रजीत, तिकडच्या वाचकांसाठी. त्याच्यासमोर दुष्काळी कामांचे सरकारी कागद ठेवायला हवेत, आणि इथल्या ख्रिस्ती घरांतल्या आजी-आजोबांचं मराठी, तेलुगू, गोंडी बोलणंही. कागद थांबतील. आजी-आजोबांचं बोलणं आधी रेकॉर्ड करायला हवं.