शास्त्रज्ञांची क्रमवारी आणि श्रेयाची मोजणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संशोधनकार्याच्या आधारे शास्त्रज्ञांना क्रमांक देण्याची प्रथा आज सर्वपरिचित आहे. अशा बहुतेक याद्यांत शिखरावर मोजकी नावे आणि पायथ्याशी मोठा समुदाय दिसतो. ही रचना केवळ गुणवत्तेतून निर्माण होते, की मोजणीच्या नियमांचाही तीत वाटा असतो, याचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

कॅटेल यांची तारांकित सूची :
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १९०६ मध्ये 'अमेरिकन मेन ऑफ सायन्स' ही सुमारे ४००० नावांची चरित्रसूची प्रसिद्ध केली. बारा शास्त्रांतील प्रत्येकी दहा अग्रगण्य अभ्यासकांकडून त्यांनी आपापल्या क्षेत्रातील नावे गुणानुक्रमे लावून घेतली व निवडक १००० नावांना तारका दिली. येथे मूल्यमापनाचा आधार समव्यावसायिकांचे मत हा होता. विशेष म्हणजे प्रत्येक स्थानाची संभाव्य त्रुटीही कॅटेल यांनी काढली होती. पुढील काळातील याद्यांमध्ये ही सावधगिरी क्वचितच आढळते.

लोट्का यांचा नियम :
आल्फ्रेड लोट्का यांनी १९२६ मध्ये मताऐवजी निबंधसंख्या विचारात घेतली. 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स'च्या १९०७ ते १९१६ या काळाच्या सूचीतून त्यांनी 'ए' व 'बी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांचे ६८९१ लेखक तपासले. त्यांपैकी सुमारे ५८ टक्के लेखकांच्या नावावर एकच निबंध होता. लोट्का यांच्या सूत्रानुसार एक निबंध लिहिणारे १०० असतील, तर दोन लिहिणारे सुमारे २५, तीन लिहिणारे ११ आणि दहा लिहिणारा केवळ एक असतो.

तथापि, या गणनेत संयुक्त निबंधाचे श्रेय फक्त ज्येष्ठ लेखकास दिले होते. साहजिकच, सहलेखक म्हणूनच काम केलेली व्यक्ती या गणनेत आलीच नाही. मोजणीचा नियम निष्कर्षाला कसा आकार देतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उत्तरकालीन वाटचाल :
रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये 'मॅथ्यू परिणाम' मांडून, प्रसिद्ध शास्त्रज्ञांकडे अधिक श्रेय ओढले जाते हे दाखविले. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांचा एच-निर्देशांक आला आणि निबंधसंख्येला उद्धरणांची जोड मिळाली.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी 'एपीआय' गुणांक आणले. त्यांत संयुक्त निबंधाचे ६० टक्के गुण प्रथम लेखक व मार्गदर्शक यांना समान, तर उर्वरित ४० टक्के इतर सर्व लेखकांत विभागून देण्यात आले. २०१८ च्या विनियमांत हे प्रमाण बदलले. निबंध तोच राहिला, तरी त्याच सहलेखकाचे गुण मात्र बदलले. पदोन्नतीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापकासाठी हा फरक केवळ तात्त्विक नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, बहुसंख्य अभ्यासक खालच्या पायरीवर असणे हे संशोधनाच्या वितरणाचे सामान्य लक्षण आहे. तेवढ्यावरून त्यांची योग्यता ठरविता येत नाही. दोन, क्रमवारीसोबत श्रेयवाटपाचा नियम आणि संभाव्य त्रुटी जाहीर होणे आवश्यक आहे. कॅटेल यांनी शतकापूर्वी पाळलेले हे पथ्य आजच्या मूल्यमापनकर्त्यांनीही पाळावे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.